ज्याला खाज, त्याला मलम

४ जानेवारी, रविवार

न विचारता माझ्या खाटेवरची उशी उचलून नेली. ठकीची उशी. भिंतीकडची जागा तिची होती, दुपट्यात होती तेव्हापासून. आज दुपारी मी बाहेरून आले तर भिंतीकडे नुसती भिंत. उशी पुढच्या खोलीत, विहीणबाईंच्या उशीला गाल लावून बसलेली. सुनेला विचारलं तर म्हणाली, "अहोआई, तीच म्हणाली, मला गोडआजीकडे झोपायचंय." सहा वर्षांच्या पोरीला विचारून घर चालवायचं तर उद्या तिलाच स्वयंपाकाला लावा.

मी वही लिहिणाऱ्यातली बाई नाही. चौथी झाली आणि शाळेला माझा कंटाळा आला. ही डायरी मुलाच्या ऑफिसातून येते, दर वर्षी मी तिची पानं फाडून डब्यांच्या तळाला घालते. पण निजण्याआधी ठकीला दिवसभराचं सगळं सांगायची सवय जडली आहे. आता ते कोणाला सांगू? म्हणून लिहिते. चुका काढायला कोणी बसलेलं नाही.

विहीणबाईंना येऊन महिना झाला. सुनेच्या कामाची पाळी बदलली, मी सकाळी हेडबाईंकडे कामाला जाते, ठकीला शाळेतून आणायला कोणी नाही, म्हणून सुनेने आपल्या आईला बोलावलं. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यावर भार नको." भार कमी करताना आधी माणूसच उतरवतात हे मला माहीत नव्हतं.

ठकी त्यांना गोडआजी म्हणते. मला नुसतं आजी. म्हणजे मी काय, खारट? सुनेचंही तेच. मला अहोआई, तिला नुसतं आई. एका घरात कोणाचं नाव लांबवायचं आणि कोणाचं गोड करायचं याचे नियम मला कोणी सांगितले नाहीत.

७ जानेवारी

थंडीने मनगटं उलली आहेत. हिवाळा लागल्यापासून खाजतात. तेल लावलं.

आज हेडबाईंचा हात बरा वळला. हेडबाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं अंग गेलेलं, जीभ जड. त्यांचा मुलगा कामावर जातो, तेवढा वेळ मी बसते. हात चोळून देते, बोटं एकेक उघडते, परत मिटते. कधी काळी त्या हाताने किती पोरांचे कान पिळले असतील, आता स्वतःचं बोट सरळ होत नाही. माझा हात मात्र घट्ट धरतात. तास तास सोडत नाहीत. आमच्या घरात सध्या माझा हात धरणारं तेवढं एकच माणूस आहे, आणि ते दुसऱ्याच्या घरात आहे.

त्यांच्या पेरांवर आणि तळव्याला कातडी जाड झाली आहे. पांढरट पापुद्रे, जुन्या भिंतीचा चुना सुटतो तसे. मी बसल्या बसल्या नखाने हलके हलके काढते. त्यांचा मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही किती करता हो." बघा, बाहेरच्यांना दिसतं.

१२ जानेवारी

विहीणबाईंनी नवा साबण आणला. गुलाबी. न्हाणीघरात गेलं की कोणाच्या तरी लग्नात शिरल्यासारखं वाटतं. ठकी हात धुऊन सगळ्यांना वास देत फिरते. माझा साधा साबण कोपऱ्यात, चपटा होऊन पडलेला. मीही एकदा तो गुलाबी लावून बघितला. लावला तसा बोटांच्या बेचक्यांत आग आग झाली. दिसायला गोड आणि लावायला तिखट, माणूस तसा साबण.

त्या ठकीला पुस्तकातून गोष्ट वाचून दाखवतात. आवाज बदलून. राक्षस आला की राक्षसासारखा, म्हातारी आली की म्हातारीसारखा. म्हातारीचा आवाज जरा माझ्यासारखा काढतात असं मला वाटतं. मुलाला सांगितलं तर हसला.

१५ जानेवारी

खाज कमरेवर उतरली. नाडीच्या जागी बारीक पुरळ. साबणाचंच काम आहे. आधी मनगट, मग बेचके, मग कंबर. मी तो साबण उचलून खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. कावळ्याने नेला तर नेला.

२० जानेवारी

ठकी खाजवते आहे. जेवताना डावा हात पानात आणि उजवा बगलेत. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "उजव्याने खाजवते म्हणून डाव्याने जेवते." उत्तराला उत्तर. बेचके पाहिले. लाल ठिपके, दोन ठिकाणी फोडलेले. पोटावर, बेंबीभोवतीही.

आता सांगा, पोर माझ्याजवळ निजत होती तोवर काही नव्हतं. तिकडे गेली आणि पंधरवड्यात अंगभर पुरळ. विहीणबाईंची ती लोकरीची शाल आहे, ठकीला त्यात गुंडाळून गोष्ट सांगतात. ती शाल धुतलेली मी पाहिलेली नाही. हे मी स्वयंपाकघरात, सुनेला ऐकू जाईल इतपत म्हटलं. विहीणबाईंनाही गेलं असावं. संध्याकाळी शाल दोरीवर वाळत होती.

२३ जानेवारी, शुक्रवार

शाळेने ठकीला घरी पाठवलं. बाईंचा सुनेला फोन आला. डॉक्टरला दाखवा, औषध होईपर्यंत आणू नका, बाकीची मुलं आहेत. सून अर्ध्या पाळीतून उठून आली, तोंड एवढंसं झालेलं. संध्याकाळी दोघी कातडीच्या डॉक्टरणीकडे गेल्या.

खरूज निघाली.

आमच्या घरात खरूज. हा शब्द मी शेजारच्या भांडणात वापरला आहे, घरात कधी आणला नव्हता. सून सांगत होती, फार बारीक किडे असतात म्हणे, डोळ्याला दिसत नाहीत, कातडीत बीळ करतात आणि आत अंडी घालतात. एकाला असलं तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं. खाज असो नसो. मानेपासून तळपायापर्यंत, बेचके, बेंबी, नखांच्या खाली. लावून निजायचं आणि सकाळी धुवायचं. आठवड्याने परत.

"खाज नसणाऱ्यांनी कशाला?" मी विचारलं.

"पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला काही आठवडेही लागतात, अहोआई. किडा आधी येतो, खाज मागून."

विहीणबाई लगेच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तर लावू या सगळे." हो म्हणायची त्यांना फार घाई. गुन्हा सगळ्यांत वाटला की एकट्याच्या वाट्याला कमी येतो.

२४ जानेवारी

आज मलमाचा दिवस झाला. चादरी, उशांचे अभ्रे, कपडे, सगळं कढत पाण्यात. ठकीचं कापडी अस्वल प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कपाटावर. ठकी खाली उभी राहून त्याला सांगत होती, "थोडे दिवस श्वास रोखून धर हां."

सुनेने ठकीला लावलं, मग मुलाने सुनेला, सुनेने मुलाला. सुनेने आपल्या आईच्या पाठीलाही लावलं. मी माझी नळी घेऊन न्हाणीघरात गेले आणि कडी लावली.

जरा वेळाने दारावर टकटक. विहीणबाई. "अहो, पाठीला लावून देऊ का? पाठीला आपला हात पोचत नाही."

"माझा पोचतो," मी म्हटलं.

तोंडावर गोड बोलून माझी पाठ बघायची होती त्यांना. म्हणजे मग सगळ्यांना सांगायला मोकळ्या, हिलाही आहे हो. मला काय झालं आहे ते मला माहीत आहे, साबण लागला आहे. मी लावलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता? की मलाही खरूज आहे. आणि मलाही आहे म्हटलं की कोणी आणली हा प्रश्न परत खुला. मी नळीतलं थोडं पिळून मोरीत सोडलं आणि बोटभर कोपरांना लावलं, वासापुरतं. ज्याला खाज त्याने लावावं. माझं काय, थंडीचं आणि साबणाचं.

२५ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते लिहून टाकते.

दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत होते. ठकी आंघोळ करून, नखं कापून, चकचकीत होऊन आली आणि विहीणबाईंच्या मांडीकडे निघाली. माझ्या समोरून. मी नुसतं म्हटलं, "तिकडे जाऊ नकोस. गोडआजीच्या अंगावर किडे आहेत. तुला तिथूनच आले."

ठकी थांबली. विहीणबाईंनी हात पुढे केले होते. पोर त्या हातांकडे बघत राहिली, जवळून, एकेक बोट. मग मागे मागे सरकत आली आणि माझ्या खुर्चीला टेकली.

सून म्हणाली, "अहोआई." नुसतं तेवढंच. मुलाने पेपर उघडला. त्याचा बापही असाच पेपर उघडायचा.

विहीणबाईंनी हात परत मांडीवर घेतले आणि पदराखाली झाकले. म्हणाल्या, "असेल बाई. मला दिसत नाहीत, पण असतील."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे बरंच तयार होतं, सगळं पोटात राहिलं.

२६ जानेवारी

गेल्या. एक पिशवी आणि ती शाल. मुलगा सोडून आला. पुलापलीकडे दोन खोल्या आहेत त्यांच्या, एकट्याच असतात. दारात सुनेला म्हणाल्या, "ठकीने विचारलं तर सांग, घरी नळ गळत होता म्हणून गेले." म्हणजे जातानाही चांगुलपणा इथे ठेवून गेल्या, आम्ही उचलत बसायचं. खोटं बोलतानासुद्धा त्या बाईचा आवाज मऊ. मी खरं बोलले तरी लोकांना दगड लागतो.

सून माझ्याशी कामापुरतं बोलते. ठकीला शेजारणीकडे ठेवायची सोय केली तिने.

१ फेब्रुवारी

उशी परत आली. भिंतीकडची जागा भरली. ठकीचे पाय गार होते, माझ्या पोटऱ्यांत खुपसून निजली. मला कोणाला काही सांगायचं नाही. तेवढंच लिहायचं होतं.

काल मलमाची दुसरी पाळी झाली. मी मागच्यासारखंच केलं.

५ फेब्रुवारी

ठकीचे ठिपके सुकले. मी सुनेला म्हटलं, "बघ, मूळ गेलं तसा रोग गेला." ती भांडी जरा जोरात घासत होती, ऐकू आलं नसेल.

हेडबाईंचे पापुद्रे वाढले आहेत. आता कोपरापर्यंत. त्यांच्याकडे रात्री असते ती आयाही खाजवते. मी तिला म्हटलं, त्यांना आंघोळ नीट घालत जा, घरभर खाज करून ठेवलीस. माझं अंग तर तेलाने जरा वेळ शांत राहतं, मग पुन्हा सुरू. साबण जाऊन तीन आठवडे झाले. मुरला असेल आत.

१३ फेब्रुवारी

ठकी परत खाजवायला लागली. नवे ठिपके, मनगटाला आणि मांड्यांना. जुने सुकलेले, त्यांच्या शेजारी हे ताजे.

मला कळत नाही. शाल गेली, बाई गेली, पोर दिवसभर शाळेत आणि मग शेजारणीकडे, बाकीचा सगळा वेळ माझ्या कुशीत. मग येतं कुठून? एकच गोष्ट राहते. मलम खोटं आहे. त्या डॉक्टरणीने पाणी विकलं आम्हाला.

सून पलंगाच्या कडेला बसली होती. म्हणाली, "शाळा परत बंद होईल हिची. आणि आता कोणाला घालवायचं घरातून?" माझ्याकडे बघून नाही म्हणाली. बघून म्हणाली असती तर उत्तर दिलं असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरणीला जाब विचारायला मी स्वतः गेले. सून म्हणाली, "तुम्ही कशाला," मी म्हटलं, तुम्ही शिकलेली माणसं दुकानात दिलेली खोटी वस्तूही हसत घेता. ठकीला मधे घेऊन आम्ही तिघी बसलो. बाहेरच्या बाकावर सात माणसं आणि सातही कुठे ना कुठे खाजवत होती. तिथे खाजवायला कोणी लाजत नाही, बरं वाटलं.

डॉक्टरीण माझ्या मुलापेक्षा लहान. मी नमस्कारही न करता म्हटलं, "तुमचं मलम नकली आहे. दोनदा लावलं. पोर परत खाजवते."

ती चिडली नाही. ठकीचे हात पाहिले, हातात भिंग घेऊन. म्हणाली, "मलम लागलं आहे. जुने भरलेत. हे नव्याने आलेत. औषधानंतरही काही आठवडे खाज राहू शकते, पण नवे ठिपके उठतात म्हणजे घरात कोणीतरी राहून गेलं. ही झोपते कोणाजवळ?"

"माझ्याजवळ," मी म्हटलं. ताठ मानेने म्हटलं, कारण तो प्रश्न कोणीतरी विचारावा असं मला महिनाभर वाटत होतं.

"आजी, हात दाखवा."

"मला काही झालेलं नाही. माझं साबणाचं आहे."

"मग साबण बघू."

काय करणार, दाखवले. तिने माझं मनगट उलटं केलं, दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि मला म्हणाली, तुम्हीच बघा. मी बघितलं. कातडीवर बारीक करडी रेघ, वाकडीतिकडी, पोराने पेन्सिलीने काढून सोडून दिल्यासारखी.

"हे बीळ," ती म्हणाली. "ह्या टोकाला ती बसलेली असते."

"ती कोण?"

"मादी. अंडी घालते."

म्हणजे माझ्या हातावर बाळंतपणं चालली होती आणि मी साबणाला शिव्या देत होते.

तिने विचारलं, खाज कधीपासून. मी म्हटलं, जानेवारीत तो गुलाबी साबण आणला तेव्हापासून. तर ठकी मधेच म्हणाली, "नाही आजी. तू त्याच्या आधीपासून खाजवायचीस. म्हणून तर मी गोडआजीकडे गेले."

"म्हणजे?" मी विचारलं.

"तू निजलीस की खाजवतेस ना. खाट हलते. मला झोप यायची नाही आणि शाळेत यायची. मग बाई रागवायच्या."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, मी कुठे खाजवते."

डॉक्टरीण खाली बघून कागदावर लिहीत होती, पण तिचे खांदे हलत होते. सून खिडकीतून बाहेर बघत होती. महिनाभर मी ज्या गोडाच्या नावाने जळत होते, त्यात गोड काही नव्हतंच. पोरीला झोप हवी होती.

मग डॉक्टरणीने विचारलं, काम काय करता, कोणाचा हात धरता का, कोणाला चोळता का. हेडबाईंचं सांगितलं. पापुद्र्यांचं सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं. "नखांनी काढत होतात?" म्हणाली. "रोज," मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आजारी, म्हाताऱ्या माणसाच्या अंगात प्रतिकार नसतो, तिथे किडे हजारोंनी वाढतात आणि कातडी अशी जाड होते. खाज तितकी सुटतही नाही कधी कधी, म्हणून कोणाला कळत नाही. त्यांना आज बघितलं पाहिजे.

"पण त्या स्वच्छ असतात," मी म्हटलं. "मीही रोज आंघोळ करते."

"घाणीचा संबंध नाही, आजी. कातडीला कातडी लागली, जरा वेळ लागून राहिली, की झालं. धुतलेल्या हातालाही होतं."

निघताना तिने दारातून हाक मारली. "ह्या वेळी मलम लावणार ना?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला तोवर कळलं नव्हतं. आता कळलं. रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही आणि तिने माझी पिशवीही उचलून धरली. ह्यातलं काय समजायचं?

१७ फेब्रुवारी

डॉक्टरीण काल संध्याकाळीच हेडबाईंना बघून गेली. त्यांना मलमही आणि गोळ्याही, आणि मलम बऱ्याच वेळा. आयेला, त्यांच्या मुलालाही लावायचं. मला काही दिवस हातमोजे घालून काम करायला सांगितलं आहे. मोजे घालून हात धरला तर हेडबाईंनी सोडवून घेतला. मग परत धरला. मोज्यावरून बोट फिरवत राहिल्या, हे काय नवीन म्हणून.

आयेला मी आंघोळीवरून बोलले होते. आज तिला चहा करून दिला. तिने घेतला.

१८ फेब्रुवारी

सून जेवताना म्हणाली, "आईलाही खाज सुटते आहे. कोणाला सांगत नाही. मीच तिच्या आवाजावरून ओळखलं. मलमाच्या दुसऱ्या वेळी तिथे एकटीच होती, पाठीला लावायला कोणी नव्हतं." मग म्हणाली, "मी शनिवारी जाऊन लावून येते."

"तिकडे कशाला?" मी म्हटलं. "सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं तर सगळे एका ठिकाणी नकोत? इथे बोलाव."

"ती येणार नाही, अहोआई."

"तू बोलावून नाही यायच्या. फोन लावून दे मला."

मुलगा पेपर घ्यायला उठला. मी म्हटलं, बस खाली, आज पेपर नाही.

सुनेने फोन लावून माझ्या हातात दिला आणि ठकीला घेऊन आत गेली. विहीणबाई "हॅलो" म्हणाल्या, मुलीचा फोन म्हणून आवाज अगदी सैल होता. मी बोलले तसा आवळला.

मी म्हटलं, "शनिवारी या. मलम लावायचं आहे सगळ्यांना."

"खरूज अजून आहे का तुमच्याकडे?"

"माझ्याकडेच होती."

तिकडे शेजारच्या कोणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता. मी पुढे म्हटलं, "मी लावलं नव्हतं. दोन्ही वेळा."

"का हो?" नुसतं विचारलं त्यांनी. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर मी काहीतरी रचून सांगितलं असतं.

"तुम्ही पाठीला लावून देते म्हणालात म्हणून," मी म्हटलं. खरं तेच होतं, ऐकायला कितीही वेड्यासारखं वाटलं तरी.

त्या म्हणाल्या, "मला आपलं वाटायचं, ही खाज मनाची असेल. ठकी मागे सरकली ना त्या दिवसापासून हातच खाजतात." मग म्हणाल्या, "येईन. पण ठकी जवळ येईल का माझ्या?"

मी म्हटलं, "शनिवारी चारला या," आणि फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून पाणी कढतं आहे. चादरी, अभ्रे, माझी गोधडी, माझे सगळे ब्लाउज. अस्वल परत पिशवीत. ह्या वेळी ठकीने त्याला सांगितलं, "सवय झाली ना आता." सगळ्यांची नखं मी कापली, मुलाचीसुद्धा. माझी ठकीने कापली, एका ठिकाणी रक्त काढलं.

गुलाबी साबण कट्ट्यावर तसाच होता. कावळ्यालाही नको झाला. धुऊन परत न्हाणीघरात ठेवला आहे. वास मला अजूनही आवडत नाही, हे लिहून ठेवते. आणि विहीणबाई राहायला परत आल्या तर गोष्ट सांगताना म्हातारीचा आवाज त्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी काढावा, हेही.

डॉक्टरीण म्हणाली आहे, ठकीने तूर्त एकटीने झोपायचं. तिची उशी आता मधल्या खोलीतल्या लहान खाटेवर आहे. माझ्याकडेही नाही आणि तिकडेही नाही. मी ती खाट दोन्ही दारांपासून पावलांनी मोजून बघितली. पुढच्या खोलीला जरा जवळ पडते. सुनेने बघितलं मला मोजताना. तिने खाट हातभर माझ्या बाजूला सरकवली आणि भाजी निवडायला बसली.

साडेतीन वाजले आहेत. मलमाच्या नळ्या ताटात मांडून ठेवल्या आहेत. पाठीला कोणी कोणाला लावायचं ते मी ठरवलं आहे, ऐन वेळी चर्चा नको. विहीणबाईंची पाठ मी लावणार, माझी त्या लावतील. माझा हात पोचत नाही.

आता बेल वाजेल. ठकी धावत जाईल, किंवा जाणार नाही. गेली तर मला बघवणार नाही आणि नाही गेली तर त्याहून बघवणार नाही. पण एक नक्की. पोर लांब उभी राहील किंवा मांडीवर बसेल, कुठूनही विचारणार आहे. सकाळपासून मला दोनदा विचारून झालं आहे आणि मी दोनदा पाण्याकडे बघायला गेले: "किडे गोडआजीचे नव्हते ना? मग तू तसं का म्हणालीस?"

ती सगळ्यांसमोर विचारेल. म्हणून ही वही मी आत्ता स्वयंपाकघरात नेऊन एवढंच पान मोठ्याने वाचून दाखवणार आहे, सुनेला आणि मुलाला. ऐका. ठकीने विचारलं की सुनेने माझी बाजू सांभाळायची नाही. मुलाने पेपर उघडायचा नाही. विहीणबाई घाईने काहीतरी मऊ बोलतील, नळाचं नाहीतर दुसरं काही, तर त्यांना मधेच थांबवायचं, पाहुण्या असल्या तरी. त्यांना त्यात पुढे जाऊ द्यायची नाही मी. त्या प्रश्नाला उत्तर मी देणार. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही.